गंगेच्या पायरीवर लागलेला डोळा

भाचीचं पोट आजारानं फुगत होतं आणि मी ते आमच्या घरचं अन्न मानवलं म्हणून पालम गावभर दाखवत फिरत होतो. मी शाळामास्तर, कुणी न विचारता सांगण्याची खोड जुनीच. निजामी जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. धाकटी बहीण काशी लेकीला घेऊन बिहारातून माहेरी आली होती. मेहुणे तिकडं रेल्वेत. सहा वर्षांची सुमी आली तेव्हा नुसती काडी. तीन महिन्यांत पोटाचं कलिंगड झालं, तसा मी त्यावर टिचकी मारून येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचो, "बघा, ही आमची ज्वारी!" हातपाय काडीचेच राहिलेत, तोंडावर काळपट छाया चढायलीय, हे काशी दाखवायची. "उन्हानं," मी म्हणायचो.

मग तापच अंगात ठाण मांडून बसला, तेव्हा मी हिवताप ठरवून टाकला. दोन महिने कोयनेल पाजलं. पोर कडू तोंड करून प्यायची आणि ताप जागचा हलायचा नाही. देवाला साकडं घातलं, तेही मास्तरकीच्या थाटात: पुढच्या सोमवारपर्यंत उतरव. सोमवार आला नि गेला. कुणीतरी म्हणालं, पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजलीय, गंगाखेडला नदीपलीकडं एक जण पोटावर डाग देतो, त्यानं बसते. मला पटलं. काशी मात्र पोरीला पोटाशी धरून बसली.

"दादा, तिच्या अंगात रगत न्हाई राहिलं. अन् तू लाल केलेला विळा लावायलास व्हय?"

मी थोरलेपणाचा आवाज काढून तिला गप्प केलं. सुमीला सांगितलं, पलीकडं जत्रा हाय.

मोटारीनं गंगाखेडला उतरलो. काशी देवळात गेली, मी सुमीला मांडीवर घेऊन गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, घाटाच्या पायरीवर होडीची वाट बघत बसलो. दुपारची वेळ. पाण्यावरचा उजेड हलत होता, त्याची जाळी पोरीच्या तोंडावरून सरकत होती; पलीकडचा काठ धुरकट, कुणी ओल्या बोटानं पुसल्यासारखा. धुणं आपटल्याचा आवाज लांबून येई आणि पाण्यातच विरघळे. पोरीचं डोकं मांडीला चटके देत होतं. "जत्रंत पाळणा असतो का मामा?" तिनं विचारलं आणि माझ्यातलं काहीतरी ढासळलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी देवाला मुदत घातली नाही. मनात एवढंच म्हणालो, बाबा, माझी अक्कल संपली, आता तुझं तू बघ. आणि मला झोप लागली. गाढ, लहानपणीसारखी. होडी आली आणि गेली.

जाग आली ती अनोळखी आवाजानं. उन्हातान्हात रापलेला एक म्हातारा सुमीला पायरीवर निजवून, उजव्या कुशीकडून डाव्या बरगडीकडं हळूहळू बोटं दाबत होता. नदीचा गाळ बोटावर घेऊन त्यानं पाणथरीची कड आखली. रेघ बेंबीपर्यंत आली. सुमी गुदगुल्यांनी हसत होती. देवळातून परतलेल्या काशीला तो विचारत होता: ताप दिवसातून दोनदा चढतो का? खाऊनही वाळते का? कोयनेलनं फरक? उत्तरं मी नव्हे, काशी देत होती, म्हणून ती खरी होती.

"पोर आणली कुठून?"

"बिहारातून."

त्यानं हात काढला. "आसामात लष्कराच्या दवाखान्यात कामाला होतो, अशी लय पोरं बघितली, बाई. हा तिकडचाच काळा आजार वाटतो. डाग देऊ नका, जीव जाईल. परभणीला न्या, रक्त तपासा." मी उठून बसेतो तो ओलं धोतर खांद्यावर टाकून पायऱ्या चढून गेला होता. नाव विचारायचं राहिलं.

परभणीच्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, सुमीचं रक्त काढलं, वर निथळलेलं पिवळसर पाणी वेगळ्या नळीत घेतलं आणि त्यात औषधाचा थेंब सोडला. आम्ही दोघं नळीकडं बघत राहिलो. बघता बघता ते पाणी पांढरं झालं, उकडलेल्या अंड्यासारखं गोठलं. डॉक्टरांनी नळी उलटी केली. थेंब खाली आला नाही. "म्हातारा बरोबर बोलला," ते म्हणाले. हैदराबादहून सुया मागवल्या. सुमी प्रत्येक सुईला मला शिव्या द्यायची, आणि आवाज जसा चढत गेला तसा मला धीर येत गेला. महिन्याभरात ताप गेला, पोट हळूहळू बसलं.

तो म्हातारा कोण, मला ठाऊक नाही, आणि मी त्याचा देव करत नाही. एवढंच कळलं, की माझ्या हातून पोरीचं भलं झालं ते हात सुटल्यावर. आपण गच्च धरलेलं सोडलं, की धरणारा दुसरा कुणी असतो. आजही देवापुढं बसलो की आधी गप्प बसायला शिकतो. हे सगळं मी एकदा भजनाच्या बैठकीत डोळे पुसत सांगितलं. त्या घटकेला देवानंच मला निजवलं, असं म्हणालो.

मागं बसलेली काशी म्हणाली, "त्यात देवाला लय कष्ट पडले नसतील, दादा. तू वर्गातबी निजतूस."