राजबाडीत झालेला जावई

बातमी आली तेव्हा मला दाढी होती. वोल्फ्सबुर्गच्या आमच्या मराठी मंडळात पुरुष पुष्कळ आहेत, पण सगळे मोटारींच्या कामात बुडालेले. तालमीला वेळेवर येणारा एकही मिळेना, म्हणून यंदाच्या नाटकातला म्हातारा सरदार मीच झाले. हनुवटीला डिंकाने चिकटवलेली पांढरी दाढी, कमरेला पुठ्ठ्याची तलवार आणि कानाला फोन... पलीकडे स्टुटगार्टहून माझी थोरली बहीण, रोहिणीताई. म्हणाली, "प्रबीर गेला गं. झोपेतच." एवढंच. फोन ठेवला आणि दाढी ओढायला लागले, तर ती निघेना. एकीकडे रडू आवरत नाही, दुसरीकडे दाढी सुटत नाही, अशी मी हॉलच्या मागच्या पायरीवर बसून राहिले. प्रबीरदाने मला तसं पाहिलं असतं तर तो आधी पोट धरून हसला असता, आणि मग कोमट पाणी आणि टॉवेल घेऊन आला असता. त्याला आता काही आठवडे झाले. दाढीचा डिंक गेला, बाकीचं अजून चिकटलेलं आहे.

प्रबीरदा म्हणजे ताईचा नवरा. मूळचा कोलकात्याचा, पण अर्ध्याहून अधिक आयुष्य स्टुटगार्टमध्ये गेलेला. मोटारीच्या आत हवा कशी खेळवायची याचं गणित करणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. बोलताना बंगाली, मराठी, जर्मन सगळं एकाच ताटात वाढायचा आणि प्रत्येक वाक्याला 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', असा शिक्का मारायचा. मला तो 'नाटकवाली' म्हणे. त्याच्या आणि ताईच्या लग्नाची गोष्ट मात्र अजिबात नाट्यमय नव्हती. तिथल्या नोंदणी कार्यालयात, श्टांडेसआम्टमध्ये दोघांनी सह्या केल्या आणि पुण्याला आईला फोटो पाठवला. सह्या आधी, फोटो नंतर.

आई शाळेत गणित शिकवायची. बाबा लवकर गेले, आम्हा दोघींना तिने एकटीने वाढवलं. लोकांना वाटायचं तिचा राग बंगाली असण्यावर आहे, माशांवर आहे. माशांवर होताच, आमच्या घरात अंड्याचं नावही घेत नसत. पण एकदा ती मला म्हणाली होती, "विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही. ते कळतं मला. तेच लागलं." मग तिने शिक्षा ठरवली, आणि ती शिक्षा अशी की जावयाशी थेट बोलायचं नाही. भांडणसुद्धा नाही. ती पुण्यात असो की स्टुटगार्टला आलेली असो, सगळा कारभार ताईमार्फत. दोघं एकाच सोफ्यावर बसलेली असायची आणि आई म्हणायची, "रोहिणी, त्यांना विचार, चहात साखर किती." प्रबीरदा तितक्याच गंभीरपणे, "रोहिणी, त्यांना सांग, दोन चमचे." "रोहिणी, त्यांना म्हणावं, दोन जास्त होतात." "रोहिणी, त्यांना म्हणावं, मग दीड." ताई मध्ये उभी, टेनिसच्या पंचासारखी मान हलवत. वर्षानुवर्षं हे चाललं. त्यांची मुलगी तुली मोठी झाली, तिला तर वाटायचं मराठी लोक असेच बोलतात.

आम्ही हसायचो. तोही हसायचा. पण एकदा मी त्यांच्याकडे गेले असताना आम्ही दोघं एस-बानची, म्हणजे तिथल्या लोकलची, वाट बघत उभे होतो आणि तो म्हणाला, "ज्येष्ठ महिन्यात आमच्याकडे सासू जावयाला बोलावते. पंख्याने वारा घालते, पंचपक्वान्नं वाढते, मासे वाढते. जामाईषष्ठी. इथले माझे सगळे बंगाली मित्र त्या दिवशी सासूचे फोन घेतात, फुशारतात. मला मासे नकोत गं नाटकवाली. एकदा फक्त 'अहो' म्हणाल्या तरी चालेल." गाडी आली आणि त्याने लगेच तिकिटांबद्दल काहीतरी विनोद केला... पण ते 'अहो' माझ्या डोक्यात राहिलं.

म्हणून आईच्या पंचाहत्तरीला त्याने राजबाडी ठरवली, तेव्हा मला त्यातली मेख कळली. कोलकात्याहून दोनतीन तासांवर एका जमीनदाराचा जुना महाल होता. मामाच्या गावी जाताना प्रबीरदाला तो लहानपणी बसमधून दिसायचा, छपरातून पिंपळ उगवलेला, खिडक्यांतून बकऱ्या डोकावणाऱ्या. आता कुणीतरी तो नीट करून त्याचं हॉटेल केलं होतं. "आईंना माझा मुलूख दाखवायचा. एक रात्र," तो म्हणाला. आई म्हणाली, "रोहिणी, त्यांना सांग, एक रात्र चालेल. पण जेवण शुद्ध शाकाहारी." प्रबीरदाने तिथल्या मॅनेजरला हे तीनदा फोन करून सांगितलं. मी साक्षीदार आहे.

काय त्या वास्तूचा थाट! फाटकातून आत शिरलो तर समोर मोठं चौरस अंगण, तिन्ही बाजूंना जाडजूड खांबांचे व्हरांडे, हिरव्या झडपांच्या खिडक्या आणि चौथ्या बाजूला पाच कमानींचं ठाकुरदालान. तिथे पूर्वी दुर्गापूजा व्हायची. अंगणात जात्रा, म्हणजे तिथली लोकनाट्यं, व्हायची आणि घरातल्या बायका वरच्या झडपांच्या फटींतून बघायच्या, हे कळल्यावर मी ताबडतोब वर जाऊन फटीतून बघून आले. पलंग एवढे उंच की चढायला लाकडी पायऱ्या. आईने पायरीवर पाय ठेवून खाली बघितलं आणि म्हणाली, "रात्री पडलं तर थेट खालच्या मजल्यावर!" तुली तेव्हा तेरा वर्षांची. ती संगमरवराच्या काळ्यापांढऱ्या फरशीवर एका पायाने उड्या मारत होती आणि विचारलेल्या प्रत्येक मराठी प्रश्नाला जर्मनमध्ये उत्तर देत होती. थोडक्यात, सगळं आलबेल होतं.

संध्याकाळी धोतरातला एक गाईड आम्हाला महाल दाखवायला निघाला. मागच्या तळ्याच्या काठी थांबून आवाज खाली आणत म्हणाला, "मराठे लुटायला आले तेव्हा राणीसाहेबांनी सगळे दागिने या तळ्यात टाकले." बंगालमध्ये मराठी घोडेस्वारांना बर्गी म्हणतात आणि अजूनही लहान मुलांना त्यांची भीती घालतात, हे आम्हाला प्रबीरदाने पूर्वीच ऐकवलं होतं. आता त्याला राहवेना. आमच्याकडे हात करून तो गाईडला म्हणाला, "हे बघा, त्यांचेच वंशज. या वेळी ॲडव्हान्स बुकिंग करून आलेत." गाईडने दोन पावलं मागे घेतली. आई ताठ उभी राहिली. "रोहिणी, त्यांना सांग, आम्ही कोकणातले. आमच्या घराण्यात घोडा कुणाला परवडलाच नाही." आणि तोंड वळवून ती तळ्याकडे बघायला लागली. तिचे खांदे हलत होते. मी शपथेवर सांगते, ती हसत होती.

मग जेवण. लांबलचक टेबल, पितळी ताटं, केळीची पानं. आम्ही बसतोय तोच आतून शंख वाजला, त्यामागून चारपाच बायकांनी जीभ हलवत काढलेला उंच सुराचा मंगल उलूध्वनी... आईला वाटलं आग लागली, ती पर्स घेऊन उठलीच. आणि दारातून मॅनेजर आला, मागे मिरवणूक, हातात परातीएवढं ताट. ते त्याने आईपुढे ठेवलं आणि कमरेत वाकून नमस्कार केला. ताटात भात, पाच तळलेल्या भाज्या, पायेश म्हणजे तांदळाची खीर. आणि मधोमध रोहू माशाचं डोकं. चांगलं नारळाएवढं. डोळे उघडे, तोंड किंचित उघडं, जणू आईला काही विचारायचंय. बंगाल्यांत वाढदिवसाला मानाच्या माणसाला माशाचं डोकं वाढतात. मॅनेजरने शाकाहारी म्हणजे बाकी सगळं शाकाहारी असा अर्थ घेतला होता. पंचाहत्तरीच्या दिवशी एवढा शकुन चुकवायचा, हे त्या सज्जन माणसाच्या मनातही आलं नव्हतं.

तुली तेवढी म्हणाली, "ओमा, डेर गुक्ट डिश आन." म्हणजे, आजी, तो तुझ्याकडे बघतोय.

आईचा चेहरा पांढरा पडला. ताईने डोळे मिटून घेतले. मला दिसत होतं की आता आई उठणार, उठली की खोलीत जाणार आणि उद्या पुण्याचं विमान पकडणार, आणि यापुढे "रोहिणी, त्यांना सांग" हेसुद्धा बंद होणार. तेवढ्यात प्रबीरदा उठला. टेबलाला वळसा घालून आला, आईशेजारची खुर्ची ओढून बसला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ताईला मध्ये न घेता बोलला. "आई, हे तुमच्यासाठी नाही. आमच्यात हे सासूने जावयाला द्यायचं असतं. तुम्ही खायचं नाही, शिवायचं नाही. नुसतं ताट इकडे सरकवायचं."

धडधडीत खोटं! मॅनेजर "ना ना" करत पुढे आला, प्रबीरदाने त्याच्याकडे न बघता बंगालीत दोन शब्द टाकले आणि तो जागच्या जागी मेणाचा पुतळा झाला. मी रंगभूमीवर पुष्कळ थापा मारल्या आहेत, पण एवढ्या शांत चेहऱ्याने कधी नाही.

आईने माशाकडे बघितलं. मग त्याच्याकडे. पदर नाकाला लावला. एक बोट ताटाच्या कडेला टेकवलं, काढून घेतलं... आणि मग पदर सोडून तिने दोन्ही हातांनी ते जड ताट उचललं आणि त्याच्यापुढे ठेवलं.

"घ्या. आणि अहो, काटे सांभाळून खा."

प्रबीरदाने मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही. आई म्हणाली, "काय झालं? तिखट आहे?" तो म्हणाला, "मोहरी... मोहरी फार आहे." "मग भात घ्या जास्त." आणि तिने वाढला. स्वतःच्या हाताने, त्या ताटात.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात चहा पिताना मी तिला डिवचलं. "आई, कशी फसलीस!" तिने बशीतला चहा संपवला. "फसायला काय झालं? मॅनेजर माझ्यापुढे वाकला होता. वाढदिवस माझा. ताट माझं होतं, हे काय मला कळत नाही?"

"मग दिलंस का?"

"त्यांनी मागितलं ना," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं. लग्नाच्या वेळी मागायचं राहिलं होतं."

त्यानंतर ताईची पंच म्हणून नोकरी गेली. दोघांचे थेट फोन सुरू झाले, आणि माझ्या कानावर यायचं ते असं: "अहो, थंडी असेल तर कानटोपी घाला, डोक्यावर केस कुठे राहिलेत आता!" तो फोन स्पीकरवर टाकून घरभर फिरायचा, सगळ्यांनी ऐकावं म्हणून.

दोन वर्षांनी त्याच्या पोटाचं दुखणं निघालं आणि त्याचं नाव कळायच्या आधीच आई स्टुटगार्टला यायला निघाली. ती येणार म्हणून याने काय करावं? हवेचा इंजिनियर! औषधं चालू असताना शेगडीवर एक धूर ओढणारा पंखा बसवला. बाजारातला घेतला आणि आतली मोटर बदलली. ताई मासे करेल तेव्हा वासाचा कणही आईच्या खोलीपर्यंत जाऊ नये म्हणून. त्याचं जर्मन नाव एवढं लांब की आईने त्याला 'भोंगा' म्हणून टाकलं. चालू केला की फुलका तव्यावरून उचलला जायचा. "अहो, बंद करा तो भोंगा, माझी पोळी उडेल!" आणि हा खुर्चीत शाल गुंडाळून बसलेला, खूश. पुढे पुढे त्याला मासे जाईनात. मग आई मऊ भात करायची, त्यात मेतकूट आणि साजूक तूप, आणि समोर बसून खायला लावायची. "अजून दोन घास." "आई, बास." "जावईबापू, दोन म्हणजे दोन. मी गणित शिकवलंय." तो दोन घ्यायचा.

श्राद्ध झाल्यावर कोलकात्याहून त्याच्या धाकट्या भावाचा फोन आला. त्यांच्याकडे सुतकाचे शाकाहारी दिवस माशाने संपवतात. घरात मासा शिजवायचा, गेलेल्याच्या नावाने वाढायचा, मग सगळ्यांनी खायचा. ताई चाचरत म्हणाली, "आई, तू तुलीबरोबर जरा बाहेर जाऊन ये ना. तासभर." आई स्वयंपाकघरात स्टूल ओढून बसली. "मी कुठे जाऊ? माझ्या जावयाचं आहे."

ताईने कढईत मोहरीचं तेल तापवलं. हळद लावलेला पहिला तुकडा सोडला, तेल तडतडलं, आणि तिचा हात सवयीने वर, भोंग्याच्या बटणाकडे गेला.

"नको," आई म्हणाली. "तो लावू नकोस. राहू दे वास."

ताईचा हात खाली आला. धूर वर गेला, छताला टेकला, आणि हळूहळू घरभर पसरला... आईच्या खोलीतसुद्धा.