निळाच राहिलेला लिटमस
ॲसिडची बाटली उघडली की तो झोंबरा वास येतो आणि मला चारकोपच्या शाळेतली दहावीची प्रॅक्टिकल आठवते, कारण त्या दिवशी बाटलीला वासच नव्हता. निळा लिटमस बुडवला, तो निळाच राहिला. बाहेरून आलेले परीक्षक एकेकीला विचारत पुढे सरकत होते, मार्क त्यांच्याच हातात, आणि त्यांच्या पाठीमागून आमच्या बाई साडीचा लाल पदर चिमटीत धरून खुणावत होत्या: तांबडा सांगा. "तांबडा झाला, सर," शेजारची मैत्रीण घडाघडा बोलली. तिच्या हातातली पट्टी निळीच होती. परीक्षकांनी मान डोलावली आणि ते माझ्यासमोर आले. "काय दिसलं?" पदर जोरात हलला. "काहीच नाही झालं, सर." त्यांनी माझी पट्टी उजेडात धरली, बाटली हुंगली आणि म्हणाले, "तांबडा लिही. पुस्तकात तेच आहे." बाहेर बाईंनी मला गाठलं. "ॲसिड संपलं होतं गं, पाणी भरलेलं. गप्प बसता येत नव्हतं?" आता मीच विज्ञान शिकवते. प्रॅक्टिकलच्या सकाळी एका बाटलीत मुद्दाम पाणी भरते आणि कुणीतरी "काहीच नाही झालं" म्हणेल, याची वाट बघत उभी राहते.