झरोक्यातला बोळा

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. घरात विषय निघाला की मी उठून परसात जायचो आणि जास्वंदीला पाणी घालत राहायचो, सकाळी घातलेलं असलं तरी. आत मुलगी कुणाला तरी सांगत असायची, जावई मान हलवत असायचा, आणि गोष्ट दर वेळी एकाच वाक्यावर येऊन थांबायची : आईनं झरोका बुजवला होता.

आईनं बुजवला नव्हता. मी बुजवला. माझी बायको आता नाही, आणि ते वाक्य आमच्या घरात अजून तसंच बोललं जातं. म्हणून लिहितो आहे. मुलीनं हे वाचावं, एवढ्यासाठीच.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला हुबळीहून आमच्याकडे धारवाडला आली होती. जावई तारिहाळच्या एका कारखान्यात, सासूबाई दुकानदारांच्या घरातल्या, बोलायला फटकळ. मुलगी झाली. श्रावण होता. आमच्याकडचा श्रावण म्हणजे दिवसभर न थांबणारी झिमझिम आणि अंगाला झोंबणारा गार वारा. दोरीवरचा कपडा वाळत नाही, मिठाला पाणी सुटतं. स्वयंपाक गॅसवर व्हायचा, पण न्हाणीत पाणी तापवायला लाकडाची चूल होती, आणि बाळंतिणीला शेक द्यायला माळ्यावरची लोखंडी शेगडी खाली काढली होती. मागच्या खोलीत मुलीची बाज टाकली होती. त्या खोलीला एक खिडकी होती आणि वर छताजवळ एक झरोका.

शेगडी बायकोच्या ताब्यात असायची. ती पेटवायची परसात, छपराखाली. रॉकेलला हात लावायची नाही. नारळाच्या शेंडीवर आणि चिपाडांवर पेटवायची. पदर कमरेला घट्ट खोचलेला, शेजारी पाण्याची बादली. निखाऱ्यांवर राखेची साय धरल्याशिवाय शेगडी उंबरा ओलांडायची नाही. आत आणली की खिडकीचं एक दार उघडं, झरोका उघडा, आणि ती स्वतः तिथेच बसलेली. शेक झाला, ओव्याची आणि बाळंतशोपाची धुरी झाली, की शेगडी पुन्हा परसात. बाळाचे लंगोट वाळवायचे असले तर टोपलं उपडं घालून त्यावर पसरायची, पण तेही बाहेर, छपराखाली.

मी सरकारी कचेरीतून निवृत्त झालेला माणूस. चुलीपुढे कधी बसलो नव्हतो. तरी मला या सगळ्यात एक विसंगती दिसायची आणि ती बोलून दाखवायची मला भारी हौस.

बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला एक अक्का यायच्या. त्या कानडी. न्हाणं झालं की बाळंतिणीला कानटोपी घालत रोज बजावायच्या, "बाणंतीगे गाळी ब्याड, नोड्री." बाळंतिणीला वारा लागू देऊ नका. आणि माझी बायको खिडकी उघडत अक्कांना म्हणायची, "कोलीगे गाळी बेकु." खोलीला हवा लागते. कानडीत वाऱ्यालाही गाळी आणि हवेलाही गाळीच. मराठीत आपण दोन शब्द ठेवले आहेत, तिथे एकच.

"तुमचं दोघींचं आधी ठरवा," मी दारातून म्हणायचो. "गाळी ब्याड का गाळी बेकु?"

"अंगाला नको, खोलीला हवी," बायको म्हणायची. "एवढं कळेना, आणि म्हणे कचेरी चालवली."

अक्का हसायच्या. मुलगी म्हणायची, "अप्पा, तुम्ही जा बघू बाहेर." मीही हसायचो. पण मनातून मला अक्कांचं पटलेलं होतं. धूर नसलेला निखारा कुणाचं काय करणार? वाईट तो वारा, असं मी धरून चाललो होतो.

त्या दिवशी सकाळी नात दोनदा शिंकली. नेमका त्याच वेळी विहीणबाईंचा फोन आला आणि तो मी घेतला.

"बाळ शिंकलं वाटतं? मला ऐकू आलं हो. तुमच्या त्या धारवाडच्या वाऱ्यात माझ्या नातीला सर्दी करू नका म्हणजे झालं."

मी म्हणालो, "छे छे, आम्ही काळजी घेतो." फोन ठेवला तेव्हा कान तापले होते.

दुपारी जेवणं झाल्यावर बायकोला ओळखीत एका ठिकाणी मंगळागौरीच्या हळदीकुंकवाला जायचं होतं. किती तरी दिवसांत ती घराबाहेर पडली नव्हती. मीच म्हणालो, जाऊन ये. छत्री उघडता उघडता ती म्हणाली, "शेगडी छपराखाली आहे, विझत आलीय. मी येईपर्यंत आत नेऊ नका. लंगोट ओले राहिले तर राहू देत, जुन्या पातळाचे तुकडे काढून ठेवलेत, ते वापरा."

"बरं बरं. मी काय लहान आहे?"

ती गेली आणि थोड्या वेळानं मुलीनं हाक मारली. "अप्पा, थंडी वाजतेय हो. वरून गार झोत येतोय."

मी छपराखाली गेलो. शेगडीत मूठभर निखारे शिल्लक होते. पोत्यातला कोळसा काढून मी वर रचला, फुंकणीनं फुंकला, कडा लाल झाल्या. धूर येत नाही असं बघून घेतलं आणि शेगडी उचलून आत नेली, बाजेच्या पायथ्याशी ठेवली. टोपलं उपडं घातलं, लंगोट पसरले. खिडकी लावून कडी घातली. मग स्टुलावर चढलो. झरोक्यात कोंबायला काहीतरी हवं होतं, म्हणून खाली हात घातला तो कोनाड्यातल्या जुन्या कपड्यांच्या ढिगात. हाताला लागलं ते बायकोचं जुनं पातळ, इरकली पदराचं. त्याचा बोळा करून मी झरोक्यात दाबून दाबून बसवला. दार ओढून घेतलं आणि फटीत बाहेरून टॉवेल खुपसला.

टॉवेल खुपसताना आतून मुलगी म्हणाली, "अप्पा, डोकं जड झाल्यासारखं वाटतंय."

"जागरणानं होतं. झोप थोडी," मी म्हणालो.

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. तिलाही त्या दुपारचं काहीच आठवत नाही, आई बाहेर गेली होती हेही नाही.

मी बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसलो. नात थोडी कुरकुरली, मग गप्प झाली. एकदा उठून मी दार किलकिलं करून पाहिलं. दोघी झोपलेल्या, गाल लालसर. चांगली ऊब लागली, असं मला वाटलं. मी दार पुन्हा लावलं आणि टॉवेल नीट सारखा केला. इतक्या दिवसांत घर पहिल्यांदाच शांत झालं होतं आणि मला त्या शांततेचा अभिमान वाटत होता. भिंतीपलीकडे काय चाललं होतं आणि मी इकडे काय वाचत होतो!

बायको आली ती छत्री झटकत. छपराकडे तिचं लक्ष गेलं असावं.

"शेगडी कुठाय?"

"आत आहे. गाढ झोपल्यात दोघी. बाळ एकदाही रडलं नाही बघ."

तिचा चेहरा तेव्हा जो झाला तो मी शब्दांत आणू शकत नाही. हातातली ओटी तिथेच पडली. तिनं दार ढकललं, टॉवेलमुळे ते अडलं, तिनं खांदा मारला. मुलीला हाका मारल्या, तिच्या गालांवर चापट्या मारल्या. मुलीचे डोळे अर्धवट उघडे, उशीवर ओकारी, मान एका बाजूला पडलेली. नात बायकोनं उचलली तेव्हा तिचे हातपाय ओल्या कपड्यासारखे लोंबले.

"खिडकी! अहो, खिडकी उघडा!"

मला कडी सापडेना. रोजची कडी, आणि ती सापडेना. तोवर तिनं बाळ माझ्या हातात कोंबलं, खिडकी उघडली आणि फडकं घ्यायलाही न थांबता शेगडी उचलून परसात नेली. लोखंड तापलेलं होतं. तिच्या उजव्या तळव्याचं कातडं तिथेच चिकटून राहिलं. ती ओरडली नाही. परत येऊन तिनं मुलीला काखेत धरून ओढत बाहेरच्या ओट्यावर आणलं, पावसात.

शेजारी रिक्षावाले राहायचे. ते धावत आले. "लगूना बर्री, लगूना," लवकर चला म्हणून ते ओरडत होते. रिक्षात बाळ माझ्या मांडीवर होतं. सगळ्या रस्त्यानं मी त्याच्या छातीकडे बघत होतो. ती हलते आहे, की रिक्षा हलते आहे, हे मला कळत नव्हतं. आयुष्यातली सगळी भीती मला त्या रस्त्यावर एकदम मिळाली आणि ती अजून पुरते आहे.

दवाखान्यात दोघींना ऑक्सिजन लावला. बऱ्याच वेळानं नात रडली. मी भिंतीला टेकून खाली बसलो.

डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, रागावलेले होते. "धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला? बंद खोलीत कोळसा पेटवला की जो वायू निघतो त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस उठतच नाही. अजून थोडा उशीर झाला असता तर... झरोकाबिरोका नव्हता का खोलीला?"

बायको माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "होता."

"मग?"

मी खिशात रिक्षाच्या भाड्याचे पैसे शोधायला लागलो.

दुसऱ्या दिवशी मुलीचे कपडे न्यायला जावई आणि विहीणबाई घरी आले. मी आणि बायको त्यांच्यामागे मागच्या खोलीत गेलो. घरातून निघालो तेव्हापासून तिथे कुणीच गेलं नव्हतं. विहीणबाईंनी वर पाहिलं. झरोक्यातून इरकली पदराचं टोक खाली लोंबत होतं.

"विहीणबाई, हे पातळ तुमचंच ना?" त्यांनी बायकोला विचारलं.

बायकोनं वर पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या हाताला पट्टी होती.

"हो," ती म्हणाली. "माझंच."

तिला पातळाचं विचारलं होतं, तिनं पातळाचं उत्तर दिलं. पुढचं मी बोलायचं होतं. तिनं त्यासाठी जागा ठेवली होती, बराच वेळ ठेवली होती. मला समोर जावई दिसत होता, त्याचे लाल झालेले डोळे दिसत होते. मी स्टूल उचलून कोपऱ्यात ठेवलं.

"जुनी डोकी आणि जुने हट्ट," विहीणबाई म्हणाल्या. "माझी नात जायची वेळ आली होती."

मुलगी दवाखान्यातून थेट हुबळीला गेली. दुसरं बाळंतपण तिकडेच झालं. आमच्याकडे ती यायची, पण दिवसापुरती, आणि नात आजीकडे एकटी कधी राहिली नाही. आजीनं बाळाला घेतलं की मुलगी उगाच जवळ येऊन उभी राहायची. बायकोला ते दिसायचं. ती बाळ परत द्यायची आणि चहा ठेवायला जायची.

तिनं मला कधी काही विचारलं नाही. तळव्याचं कातडं भरलं, पण आवळून आलं. ज्वारीची भाकरी ती मग डाव्या हातानं थापायला लागली. पूर्वीच्या भाकरीचा आवाज सलग यायचा, आता मध्येच अडखळायचा. बाहेरच्या खोलीत पेपर वाचताना मी तो ऐकायचो.

शेगडी मी भंगारात घातली, न्हाणीत गॅसचा गीझर बसवला, आणि मग त्याचीही भीती वाटायला लागली. न्हाणीचं दार लागलं की मी बाहेर उभा राहून पाण्याचा आवाज ऐकतो. नात आता शाळेत जाते, अभ्यासात बरी आहे. सुटीत आली आणि दुपारी झोपली की मी दारात उभा राहतो आणि पांघरूण वरखाली होतंय ना ते बघतो. ती एकदा जागी होती. म्हणाली, "अप्पाजी, असं काय बघताय?" मी म्हणालो, "काही नाही, पंखा बघत होतो."

बायको शेवटच्या आजारपणात त्याच मागच्या खोलीत होती. तिनंच ती खोली मागितली. एका दुपारी मुलगी औषधं आणायला गेली होती आणि आम्ही दोघंच होतो. बाहेर तसाच वारा सुटला होता. तिचा उजवा हात पांघरुणावर उताणा पडलेला होता. मी तो हातात घेतला. वाक्य मनात तयार होतं. किती तरी वर्षं ते मी जास्वंदीपाशी म्हणून पाहिलं होतं : अगं, तो बोळा मी घातला होता, आणि तुझ्यावर घेऊ दिलं, माझं चुकलं. मुलगी आली की तिच्यासमोर सांगतो.

"अगं, त्या दिवशी..." मी म्हणालो.

तिनं डोळे उघडले. वाट पाहिली, तशीच, पूर्वीसारखी. मग म्हणाली, "काय?"

मी वर झरोक्याकडे पाहिलं.

"वारा लागतोय का तुला? तो झरोका लावू?"

"नको," ती म्हणाली. "राहू दे उघडा."