डोळ्यांच्या डॉक्टरबाईंना दिलेलं उत्तर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आणि मी न सांगितलेली गोष्ट म्हणजे — आमच्या तासगावकडं कुणालाही विचारा — नवलच. लग्नाची पंगत असो की एसटीचा थांबा, स्वतःची फजिती सांगून चार माणसं हसवल्याशिवाय मला चैन पडत नाही.

त्यातली गाजलेली फजिती द्राक्षांची. मणी फुगावेत म्हणून घड एकेक करून औषधाच्या पाण्यात बुडवतात. मी म्हणे बुडवून झालेल्याच चार ओळी दुसऱ्या दिवशी पुन्हा बुडवल्या, वर कामावरच्या बायकांना दम भरला की काल कुणी कामच केलं नाही. लोक पोट धरून हसतात. पण त्या ओळी मी बुडवल्याच नव्हत्या. दादानं बुडवल्या होत्या, माझ्या थोरल्या भावानं. मी फक्त नाव बदललं.

भावाची अब्रू राखली, असं म्हणाल? मीही बरीच वर्षं तसंच म्हणत आलो.

त्याच हंगामात, चार वर्षांपूर्वी, चष्म्याचा नंबर काढायला दादाला सांगलीला नेलं. एसटीत त्यानं विचारलं, "बाळ्या, मोटर बंद केलीस न्हवं?" केली म्हटलं. सांगली यायच्या आत तेच अजून तीनदा. शेवटी मी म्हटलं, "आता इचारलंस तर माघारी जाऊन चालू करतो बघ." पुढच्या बाकावरची बाई हसली. दादाही हसला — जरा उशिरा.

डॉक्टरबाईंनी थेंब घालून डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढले. दादाला बाहेर बसवून मला आत बोलावलं. तरुण होत्या, जपून बोलत होत्या. पडद्याचा थर वयाच्या मानानं पातळ दिसतोय, बारीक रक्तवाहिन्याही विरळ झाल्यात. कारणं बरीच असतात, एवढ्यावरून काही ठरत नाही. पण स्मृती जाण्याचा आजार कधीकधी डोळ्यात आधी दिसू शकतो, असं आता डॉक्टर लोक तपासून बघतायत. मग सरळ विचारलं, "यांचं विसरणं वाढलंय का? तेच तेच विचारतात का?"

हो म्हणायचं होतं. एक अक्षर. मेंदूच्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी मिळाली असती.

मी म्हटलं, "छे हो, घरात विसराळू मी आहे." आणि पुरावा म्हणून ती द्राक्षांची फजिती सांगितली. त्यांनाही हसू आलं.

का केलं असं? दादाला धक्का बसेल म्हणून? नाही हो. मनात आलं ते एवढंच — बाग माझ्या गळ्यात पडणार. मी रहिमतपूरच्या शाळेत कारकून, रविवारचा शेतकरी. पुतण्या फौजेत. चिठ्ठी न घेताच बाहेर आलो. घरी वहिनींना सांगितलं, डॉक्टर म्हणाले, एकदम ठणठणीत.

तिथून पुढं दादाची प्रत्येक चूक मी माझ्या नावावर खपवली. निरोप मीच द्यायला विसरलो, किल्ली मीच हरवली. गाव हसत राहिलं. पण घरातलं वहिनींना दिसायचंच. "डाक्टर ठणठणीत म्हणत्यात, मग ह्ये मुद्दामच करत्यात," असं म्हणायच्या. भांडायच्या. एक अख्खा हंगाम त्याच्याशी बोलल्या नाहीत — ताट ठेवायचं आणि पाठ फिरवायची. तो ताटाकडं बघत बसायचा. मी ते बघत होतो. तेव्हाही बोललो नाही.

आता आजाराला नाव मिळालंय. लवकर कळलं असतं तरी तो थांबला नसता, असं मोठे डॉक्टर म्हणतात. असेल. पण त्या वर्षांत दादा वहिनींना ओळखत होता.

रविवारी गावी जातो, तेव्हा वहिनी त्याला भरवत असतात. भरवता भरवता म्हणतात, "लय बोलले वो मी तुमास्नी. मला ठावं न्हवतं." पाहुणी बाई असावी तसा तो त्यांच्याकडं बघतो आणि मान हलवतो. मग त्या माझ्याकडं वळतात.

"भावजी, तुमीच तेवढं सांभाळून घेतलंसा त्यास्नी."

मी ते ऐकून घेतो.