खळ्यातलं विमान

आमचे अण्णा, म्हणजे माझे थोरले काका, सगळ्या आयुष्यात एकदाच पळाले. त्याला कारण मी.

अण्णा राणीसावरगावात शेती करत. आम्ही परभणीत राहायचो, बाबा तिथे कचेरीत कारकून. दिवाळीला मात्र आम्ही अण्णांकडे जायचो आणि घरातले सगळे मोठे निर्णय तिथेच व्हायचे. त्या वर्षी निर्णय माझा होता. मी बारावी झाले होते, औरंगाबादला इंजिनिअरिंगला नंबर लागला होता आणि वसतिगृहाच्या फॉर्मवर पालकाची सही हवी होती. बाबांना सही करता येत होती. पण अण्णांना विचारल्याशिवाय बाबा चपलाही बदलत नसत.

"औरंगाबादेत सारखं काही ना काही बंद असतं," अण्णा म्हणाले. "मागल्या खेपेला चार दिस बस न्हाई आली. पोरगी तिकडं अडकली तर?"

"अण्णा, तिला गणितात चांगले मार्क हायत," बाबा म्हणाले.

"मार्क घेऊन बसमधी बसता येत न्हाई."

मला बोलायला वेळ लागतो. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी पाठ्यपुस्तकासारखं यायचं, आणि तोंड उघडलं की अख्खी ओसरी माझ्याकडे बघायची. म्हणून मी ठरवलं, बोलायचं नाही, करून दाखवायचं.

शाळेच्या वाचनालयातल्या एका मासिकात मी अग्निबाणावर चढणाऱ्या ग्लायडरचं चित्र पाहिलं होतं. खाली बाण, वर बिनइंजिनाचं छोटं विमान. बाण विमानाला वर नेतो, दारू संपली की मागच्या मागे गळून पडतो आणि विमान एकटं घिरट्या घालत खाली येतं. मासिकात त्यासाठी कुठलंतरी परदेशी हलकं लाकूड सांगितलं होतं. राणीसावरगावात ते नव्हतं. ज्वारीच्या ताटातलं भेंड, म्हणजे धांड्यातला पांढरा गाभा, मात्र हवं तेवढं होतं, आणि ते त्या लाकडापेक्षाही हलकं असावं असं माझं मत झालं. (त्या वयात माझी बरीच मतं होती. ती मी कुणाला सांगत नसे, एवढंच.) भेंडाचा सांगाडा, पतंगाचा कागद, मैद्याची खळ. दिवाळीतले उरलेले छोटे बाण होतेच, आवाज न करता नुसते सूं करून जाणारे. उभं उडवायला मोडक्या छत्रीची दांडी.

तोल साधायला मी नाकाशी कणकेची गोळी चिकटवली, पंखाखाली खूण केली आणि विमान तिथे पेन्सिलीवर ठेवून बघू लागले. मोठीआई, म्हणजे अण्णांची बायको, चुलीपुढून हे सगळं बघत होती.

"काय करायलीस, माय?"

"गुरुत्वमध्य काढते आहे."

"काढ, काढ. पण जेवून काढ."

दुसऱ्या दिवशी विमान तयार झालं. मी ते अण्णांपुढे ठेवलं आणि पाठ केलेलं वाक्य एका दमात म्हणून टाकलं: हे वर जाईल आणि स्वतःहून परत खळ्यात येईल.

अण्णांनी विमान दोन बोटांत धरून कोंबडीचं पिल्लू बघावं तसं सगळीकडून पाहिलं.

"माघारी येईल?"

"येईल."

"जिथून गेलं तिथं?"

"हो."

"आलं तर तू जा औरंगाबादला," अण्णा म्हणाले. "न्हाई आलं तर परभणीतच बीए कर."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परीक्षेत न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लिहून आले आहे. मला काळजी नव्हती. माझं गणित पक्कं होतं.

माझी चूक अशी झाली की मला वाटलं, घरातली चार माणसं येतील. सकाळी खळ्यात गेले तर निम्मं गाव हजर! अण्णांनीच चावडीवर सांगितलं होतं, "आमच्या पोरीनं इमान केलंय." अण्णांसाठी शाळेतली लोखंडी खुर्ची आणली होती. ते पांढरंशुभ्र धोतर नेसून मधोमध बसले होते. मागे गेल्या वर्षीच्या कडब्याची गंजी, बाजूला खुंट्याला बांधलेला हरण्या बैल.

मोठीआईनं विमानाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि नाकाला काळ्या दोऱ्यात एक बिबा बांधला.

"हे कशाला?" मी हळूच विचारलं.

"एवढ्या डोळ्यांपुढं चाललंय. नजर लागती."

मी मान डोलावली. ती वळताच बिबा सोडून मुठीत लपवला. विज्ञानाच्या प्रयोगाला बिबा बांधून सही मिळवायची, हे मला पटत नव्हतं. शिवाय तोल मी परवाच पेन्सिलीवर तपासला होता. परत तपासायची गरज काय?

मी विमान छत्रीच्या दांडीवर चढवलं, वातीजवळ उदबत्ती नेली आणि मासिकात लिहिल्याप्रमाणे मोजायला लागले. "टेन, नाइन, एट..."

"उलटं का मोजायलीय?" गर्दीतनं एक म्हातारी म्हणाली.

"इंग्लिश साळंत असंच शिकवत्यात," दुसरीनं सांगितलं.

"झीरो," मी म्हणाले आणि वात पेटवली.

विमान सूं करून पुरुषभर उंच गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात त्यानं नाक वर केलं, आणखी वर केलं, पाठीवर पडलं, एक पूर्ण कोलांटी मारली आणि ठिणग्या उडवत सरळ अण्णांकडे निघालं.

अण्णा उठले. धोतराचा सोगा हातात धरला आणि पळाले. ज्या माणसानं लग्नाच्या वरातीतही पाऊल उचलून टाकलं नव्हतं, तो माणूस गंजीला वळसा घालून पळत होता. विमानही गंजीला वळसा घालून येत होतं. पहिल्या वळशाला लोक गप्प राहिले, दुसऱ्या वळशाला कुणीतरी म्हणालं, "अण्णा, वाकडं पळा, वाकडं!" मग दारू संपली आणि विमान अण्णांच्या मोकळ्या खुर्चीवर जाऊन अलगद बसलं.

कुणी हसलं नाही. गाव फार सभ्य होतं. बायकांनी तोंडाला पदर लावले, पुरुषांना एकदम खोकला आला.

"माघारी आलं म्हणायचं का हे?" बाबांनी क्षीण आवाजात विचारलं.

"बास झालं," अण्णा दम खात म्हणाले. "बीए."

मोठीआई विमान उचलून बघत होती. "मीने, बिबा कुठंय?"

मी मूठ उघडली. तिनं नाकाची गोळी अंगठ्यानं दाबून पाहिली.

"ही कणीक कवाची?"

"परवाची."

"वाळून खडखडीत झालीय. परवा जेवढी जड होती तेवढी आज राहील का, माय? पापड वाळल्यावर हलका होतो का न्हाई?"

बारावीपर्यंत पदार्थविज्ञान शिकले होते मी. एकाही पुस्तकात पापड नव्हता.

तिनं माझ्या मुठीतला बिबा घेऊन परत नाकाला बांधला. मी विमान पेन्सिलीवर ठेवलं. खुणेवर बरोबर तोललं, केसभरही इकडेतिकडे नाही. हे मी कुणालाच सांगितलं नाही.

"आणखी एकदा उडवू द्या हो तिला," मोठीआई अण्णांना म्हणाली. "चार दिस खळीत हात घालून बसलीय."

"उडवा," अण्णा म्हणाले. "मी मागं बसतो." आणि सगळ्यात सुरक्षित जागा म्हणून त्यांनी खुर्ची गंजीच्या आडोशाला नेऊन ठेवली.

नवा बाण बसवला. या वेळी मी मोजलंच नाही.

विमान गेलं ते गेलंच. लिंबाच्या शेंड्यावर गेलं, त्याच्याही वर गेलं, बाण संपला, गळून पडला, आणि विमान निळ्या आभाळात सपाट होऊन तरंगायला लागलं. इतकं देखणं काही मी केलं असेल यावर माझाच विश्वास बसेना. बाण कुठे पडेल याचं गणित मी केलं होतं. वारा धरला नव्हता.

धुमसता बाण बरोबर गंजीवर पडला.

"कडबा! कडबा पेटला!"

निम्मं गाव गंजीकडे धावलं. कुणी पेंढ्या उपसल्या, कुणी माती टाकली. मोठीआईनं हौदातून घागर भरली आणि पाणी गंजीवर फेकलं. तिचा नेम चांगला होता, फक्त मध्ये अण्णा होते. दोन पेंढ्या जळाल्या, गंजी वाचली, अण्णा चिंब भिजले.

या सगळ्या वेळात आभाळाकडे एकच माणूस बघत होतं. (मीही घागर घेऊन धावायला हवं होतं, हे मला मान्य आहे.) विमानानं दोन मोठे फेरे घेतले, खाली आलं, आणि छत्रीच्या दांडीपासून जेमतेम दोन हातांवर, खळ्याच्या सारवलेल्या जमिनीवर टेकलं. जिथून गेलं तिथं.

"अण्णा!" मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या लोकांत. "आलं! बघा, परत आलं!"

सगळे वळले. तोपर्यंत हरण्यानं मान लांब केली होती. ज्वारीचं भेंड, वर मैद्याची खळ. त्याचा काय दोष? दोन घासांत पंख गेले, तिसऱ्यात शेपूट. नाक त्यानं थुंकून टाकलं.

"कुठंय?" अण्णांनी विचारलं. धोतरातून पाणी गळत होतं.

मी बैलाकडे बोट दाखवलं.

अण्णांनी बैलाकडे पाहिलं, जळक्या पेंढ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"खरंच परत आलं होतं," मी म्हणाले. "शप्पथ."

"आलं आसंल, न्हाई आसंल, ते सोड," अण्णा म्हणाले आणि बाबांकडे वळले. "तो फारम कुठाय?"

"घरात हाय. का?"

"आजच सही कर. ही पोरगी अजून एक दिवाळी हितं राहिली तर जनावरं उपाशी मरतील."

पुढे वसतिगृहात ओळखी झाल्या तेव्हा मुली एकमेकींना सांगायच्या, माझ्यासाठी बाबा भांडले, माझ्यासाठी आईनं उपवास धरला. मी गप्प बसायचे. मला शिकायला कुणी पाठवलंच नव्हतं. राणीसावरगावचा कडबा वाचवायला मला गावाबाहेर काढलं होतं.