न झिजणारं इंजिन

इंदापूर तालुक्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी वीस वर्षं उष्मागतिकी शिकवतो. पहिल्याच तासाला फळ्यावर लिहितो, की दिलेली सगळी उष्णता कामाला लावणारं इंजिन जगात नाही. थोडी धुरावाटे, थोडी गार करणाऱ्या पाण्यावाटे जायचीच. मुलं उतरवून घेतात. मग लॅबमध्ये त्याहून मोठा चमत्कार बघतात. आमच्या डिझेल इंजिनाची कार्यक्षमता दरवर्षी न चुकता सत्तावीस टक्के येते. ते झिजत नाही, म्हातारं होत नाही. होईल कसं? ते कुणी चालूच करत नाही. रीडिंग आधीच्या बॅचच्या जर्नलमधून उतरतात. मूळ आकडे माझेच, इंजिन नवं असतानाचे.

एका वर्षी बावड्याची एक मुलगी होती. तिचे अब्बा पाण्याची इंजिनं दुरुस्त करायचे. तिनं लॅबच्या शिपायाला पटवून इंजिन चालू केलं, घड्याळ लावून डिझेल मोजलं आणि माझ्या केबिनमध्ये अठरा टक्के घेऊन आली.

"अठरा कसे येतील? बाकी सगळ्यांचे सत्तावीस आलेत."

"त्यांचं इंजिन दुसरं असंल सर," ती म्हणाली. "ह्याच्या रिंगा गेल्यात. चला की, धूर दावते."

"परीक्षक वही बघतात, धूर नाही. परत लिहून आण."

"परत मोजू?"

"लिहून आण म्हणालो."

तिनं आणलं नाही. मी सही केली नाही. सही नाही म्हणून तोंडी परीक्षा नाही, तोंडी नाही म्हणून निकाल अडकला. बारामती एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं तिला निकालाच्या अटीवर घेतलं होतं. त्यांनी जागा दुसऱ्याला दिली. सहा महिन्यांनी तिनं मुकाट्यानं सत्तावीस टक्के लिहून आणले. मी सही केली आणि खाली 'छान' असा शेरा मारला. तो मारायला मला कुणीही सांगितलं नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात तपासणी समिती येणार म्हणून इंजिन खोललं. पिस्टनच्या रिंगा पार झिजलेल्या. मला निमित्त मिळालं. बावड्याला गेलो. अब्बांचं दुरुस्तीचं दुकान आता तीच चालवते. तिनं स्टूल पुढं केलं, पण मी उभाच राहिलो.

"इंजिन खोललं," मी म्हणालो, जणू शोधच लावला होता. "तुझंच बरोबर होतं."

"ते मला तवाच ठावं हुतं सर. तुमाला कवा कळलं?"

उत्तर तयार होतं. मोटारसायकलवर सगळ्या वाटेनं तेच घोकत आलो होतो: आत्ता, खोलल्यावर.

"तेव्हाच," मी म्हणालो. "तू केबिनमध्ये यायच्या आधीच मी खिडकीतून धूर बघितला होता."

 तिनं हातातला पाना पुसला आणि माझ्या मागं उभ्या असलेल्या शेतकऱ्याला म्हणाली, "बोला तात्या, तुमचं काय झालंय?"