दोन खांब पळायचं, एक खांब चालायचं

मला भीती वाटायची ती थांबण्याची. हे आज सांगतोय. तेव्हा कुणी चाबकानं फोडलं असतं तरी तोंडातून काढलं नसतं.

चीनच्या लढाईनंतरची गोष्ट. आमच्या रहिमतपूरकडची पोरं साताऱ्याला भरतीला चालली होती आणि आई हात धुऊन माझ्या मागं लागली होती. "जा की रं भरतीला, घरात बसून काय अंडी उबवतूस?" मी एकोणीस वर्षांचा, एकुलता एक. बाकीच्यांच्या आया पोरांना पोटाशी धरून बसल्या होत्या अन् ही मला बाहेर ढकलत होती. लय राग यायचा. हिचा डोळा माझ्या मनिऑर्डरीवर आहे, असंच मी धरून चाललो होतो.

आमच्या गल्लीत एक पेन्शनर हवालदार राहायचे. त्यांना सगळे तात्या म्हणत. त्यांनी मला तयार करायचं मनावर घेतलं. मी एरवी दुडक्या चालीनं तीन मैल न थांबता पळायचो. तात्यांनी ते बघितलं आणि नाक मुरडलं. "ही बैलाची चाल झाली, गड्या. तारंचं दोन खांब जीव तोडून पळायचं, एक खांब चालायचं. अशा धा खेपा."

मला वाटलं, मधे विसावा मिळतोय म्हणजे सोपंच की! कसलं सोपं? पहिल्याच खेपेला शर्यतीला सुटावं तसा सुटलो, तिसरीला पाय उचलेनात. एका चालीत पळताना अंग एकदा तापलं की आपोआप चालतं, डोकं भलतीकडं फिरत असतं. इथं दर खेपेला नव्यानं जीव गोळा करायचा, अन् धाप पुरती बसायच्या आत पुढचा खांब हजर. त्यात चालताना काळजाचे ठोके थेट कानात.

ते ठोके ऐकले की मला वडील दिसायचे. चार वर्षांपूर्वी ते स्टँडवर एसटी गाठायला धावले होते, मी मागं पिशवी घेऊन. गाडी मिळाली. खिडकीशी बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली, हसून "गावली बघ" म्हणाले, आणि कंडक्टरनं तिकीट फाडायच्या आधी मान टाकली. धावताना त्यांना काही झालं नव्हतं. झालं ते बसल्यावर.

म्हणून चालायचा खांब आला की मी आतल्या आत मरायचो. आता होतंय का? आता? हात आपोआप छातीवर जायचा. तात्या लांबून ओरडायचे, "हात खाली! पदर सांभाळतूस व्हय रं?"

एकदा मी चालायच्या खांबालाही पळतच राहिलो. तात्यांनी बखोट धरलं. "थांबत का न्हाईस?"

"दम हाय अजून," मी थाप मारली.

"दम कसला, घाबरटपणा हाय. चालताना दम साठवायचा. पैल्या खेपंला जेवढं पळशील तेवढंच धाव्या खेपंला पळता आलं पायजे. नवी पोरं पैल्यालाच समदं उधळत्यात."

महिन्याभरात दहा खेपा जमल्या. भीती मात्र जिथल्या तिथं.

साताऱ्याला मी मैलभर पळालो, पास झालो. मग उघड्या अंगानं रांगेत उभा राहिलो. डॉक्टरनं छातीला नळी लावली. परत लावली. माझी पाचावर धारण बसली. तो कारकुनाकडं बघून "फिट" म्हणाला अन् मला पुढं ढकललं.

संध्याकाळी घरी आलो तर आई उंबऱ्यातच. घेतलं का, पळालास का, काही नाही.

"डॉक्टरनं छाती बगितली?"

"बगितली."

"नळी लावून?"

"दोनदा."

"काय म्हनला?"

"चांगली हाय म्हनला."

ती मटकन खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. "तुजा बाप गेल्यापास्नं रोज तुजं भ्या वाटतंय रं. डॉक्टरकडं चल म्हनलं असतं तर तुज्या मनानं घेतलं असतं. म्हनून भरतीला धाडलं. तितं समद्यांचीच छाती बगत्यात." मग डोळे पुसले, उठली. "बास झालं. आता कुटं जाऊ नगंस."

"आये, मला घेतलंय. सोमवारी हजर व्हायचंय."

ती परत उंबऱ्यात बसली. छाती चांगली निघाली तर पोरगं फौजेत जाणार, हा विचार तिच्या मनात आलाच नव्हता.